नऊ नंबरचं उंबर

२७ ऑगस्ट १९५६
माधवगंजातल्या देवळामागच्या औदुंबराच्या एकेका उंबरावर नंबर घातलेल्या बारा मलमली पिशव्या बांधल्या. उंबरं खोडालाच लागतात. शिडी लागली नाही. सहा पिशव्यांत केंबरं सोडणार – उंबरातली ती तांदळाहून बारीक माशी. सहा बंद. केंबरू आत शिरलं नाही तर परागण नाही, उंबर गळतं. एवढंच सिद्ध करायचं.

नोव्हेंबरात नवं राज्य, राजधानी भोपाळ. तिथे आमच्या विषयाची एकच जागा – मी किंवा माझा सहकारी भालचंद्र. आमचे विभागप्रमुख महिपतराव म्हणाले, "प्रयोग चोख निघाला तर तुझं नाव." मला जायचं आहे. आईला सांगितलं. ती जेवली नाही.

३ सप्टेंबर
केंबरं सोडली. मादी उंबराच्या तोंडातून आत घुसते तेव्हा पंख तुटून बाहेर राहतात. पुन्हा बाहेर येत नाही.

६ सप्टेंबर, गुरुवार
झाडाला परक्या चिंध्या! माझ्या पिशव्या पाहून बायकांना नवसच वाटला. माळी दौलतसिंह हसतो – "बाईजी, आपने तो मन्नत का पेड़ बना दिया." माझ्या गाठी तपासल्या. बाराही जशाच्या तशा.

२० सप्टेंबर
बंदपैकी पाच गळाली. नऊ नंबर धरून आहे – खोडावर खालून तिसरं.

१५ ऑक्टोबर
नऊ नंबर पिकलं. लालभडक. कापलं. आत बी, आत केंबरं.
भालचंद्र म्हणाला, "दुर्गाबाई, नौ नंबर छोड़ दो ना. कोण बघतंय?"
तरी वहीत लिहिलं.

२२ ऑक्टोबर
महिपतराव – "बंद पिशवीत परागण? मग बाकीच्या अकरांवर तरी विश्वास का ठेवायचा?" मीही हेच विचारलं असतं. भोपाळला भालचंद्र. त्याने प्रयोग केलाच नाही, त्यामुळे चुकलाही नाही.

२३ ऑक्टोबर
पिशव्या धुऊन ठेवल्या. माझ्या हातून कुठे चूक झाली, सापडत नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार
इंदरगंजात कचेऱ्यांच्या पाट्या बदलतायत. आईने पेढे आणले. मी इथेच राहावं म्हणून औदुंबराला नवस बोलली होती.
"तुझी एक पिशवी सोडली, उंबराला कुंकू लावलं, अकरा प्रदक्षिणा घातल्या. मग गाठ परत तुझ्यासारखीच बांधली हो. तुझं काम बिघडायला नको."
कोणतं उंबर, विचारलं.
"खालून तिसरं. माझा हात तिथवरच पोचतो."