बारा सेकंदांचा होकार

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा हिंजवडी. कंपनीची बस डांगे चौकात पाऊण तास उभी. शेजारच्या मुलीनं तेवढ्यात एक मीटिंग उरकली. बस हलली नाही, मीटिंगमध्येही काही हललं नसावं.

कौस्तुभनं आमच्या विमानविरोधी यंत्राची नवीन आवृत्ती दाखवली. (आमचा प्रमुख. वय एकतीस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पायात पांढरे बूट. यापुढे कौ.) रडारला विमान दिसलं की पडद्यावर ठिपका येतो. आपला हिरवा, शत्रूचा लाल, ओळख न पटलेला पिवळा. पिवळ्याचं काय करायचं हे जवानानं वर मुख्यालयाला विचारायचं. इथवर ठीक. अठ्ठावीस वर्षं फौजेत मी हेच केलं, म्हणून तर यांनी मला सल्लागार म्हणून आणून बसवलंय.

नवीन काय, तर बारा सेकंदांत वरून उत्तर आलं नाही की पिवळा आपोआप लाल होतो आणि क्षेपणास्त्र सुटतं.

"हे कोणी सांगितलं?"

"सर, डेमोमध्ये तो पॉज बरा दिसत नव्हता."

पॉज. बरा दिसत नव्हता. मी पाणी प्यायलो आणि जागेवर येऊन बसलो.

४ नोव्हें.

ब्रिगेडियरसाहेबांकडे गेलो. (निवृत्त. कंपनीचे मोठे सल्लागार, म्हणजे केबिनवाले. यापुढे ब्रि.) म्हणाले, "सुभेदारसाहेब, आजच्या लढाईत विचार करायला वेळ कुठाय?" साहेब पडद्यासमोर एकदाच बसले असतील, तेही फोटोसाठी.

लढाई पेटली की न विचारता मारायची मोकळीक देतात, मला काय ते ठाऊक नाही? पण ती कोणीतरी स्वतःच्या नावानं देतो. आदेश आला की आपण तो शब्दशः परत म्हणायचा, वरून 'ठीक' आलं की मगच बटण. रंगरूटालाही हे पाठ असतं. इथल्या चाळीस इंजिनियरांना हे सांगितलं तर म्हणाले, "सो मॅन्युअल!"

६ नोव्हें.

पवारचा फोन. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता सीमेवर हवालदार.

"उस्ताद, नवं मशीन आमच्याकडंच येणार हाय म्हनं. तुमी तिथं हाय म्हटल्यावर आमाला काय बघायचंच नाय."

हो हो केलं. मी अजून काही पास केलेलं नाही, हे सांगायचं सुचलं नाही. सुचलं होतं. लाज वाटली.

१० नोव्हें., सोमवार

सौ. म्हणाली, "अहो, एवढं चिडायचं असेल तर जाता कशाला?" तिला ती दुपार कधी सांगितलेली नाही. कोणालाच नाही. इथे लिहून टाकतो.

तेव्हा मी हवालदार. जेवणं नुकती झालेली. पडद्यावर पिवळा ठिपका, कमी उंचीवरून, सरळ आमच्यावर. ओळखीचा संदेश पाठवला, उत्तर नाही. मुख्यालयाला विचारलं, तर लाइन मेलेली. एकदा, दोनदा, तीनदा विचारलं. आदेश नाही म्हणजे नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो, कारण त्यांचा भरवसा वाटेना.

आपलंच हेलिकॉप्टर. ओळख सांगणारं यंत्र बंद पडलेलं. आजारी जवान आणि वैमानिक धरून सात माणसं. मागच्या मैदानात उतरले, चहा प्यायले, गेले. त्यांना आजही माहीत नसेल. नोंदवहीत मी लिहिलं: विशेष काही नाही. यंत्र बंद होतं असं लिहिलं असतं तर वैमानिकाची चौकशी लागली असती. म्हटलं, वाचलाय बिचारा, जाऊ दे.

कौ.च्या यंत्रात ते सातही मेले असते.

१३ नोव्हें., गुरुवार

दिल्लीच्या समितीसमोर डेमो. मी आधीच कौ.ला एक प्रसंग घालायला दिला होता. तीच उंची, तोच वेग, लाइन मेलेली. कशाचा, ते सांगितलं नव्हतं. विचारलंही नाही त्यानं. "ओके सर, शेवटी घेऊ."

शेवटी घेतला. पिवळा पुढे सरकतोय. मग लाल. मग रेघ गेली आणि ठिपका नाहीसा.

टाळ्या!

ब्रि. सगळ्यात जोरात. समितीतल्या एका कर्नलनं विचारलं, "टार्गेट काय होतं?"

"आपलं हेलिकॉप्टर, साहेब," मी म्हणालो. "आत सात जण."

मग कौ. "सर, तो फक्त टेस्ट डेटा आहे." ब्रि. हसले, "आमचे सुभेदारसाहेब जरा भावुक आहेत." मग जेवण. कर्नलसाहेबांनी श्रीखंड दोनदा घेतलं. मी एकदाही नाही.

१४ नोव्हें.

मंजुरीचा फॉर्म कालच संगणकावर आलाय. 'मान्य' आणि 'अमान्य', दोन बटणं. ब्रि. दोनदा येऊन गेले. मी कशालाच हात लावला नाही. माझी सही नाही तर माल हलत नाही. घ्या आता.

घरी जाताना सदाशिव पेठेत स्कूटरवाल्याला उगाचच दोन शब्द सुनावले. फार बरं वाटलं.

१८ नोव्हें., मंगळवार

कौ. पेढे वाटत होता.

"थँक्यू सर, तुमचं अप्रूव्हल आलं!"

"मी काहीच केलेलं नाही."

"हो ना, म्हणूनच. तीन दिवसांत हरकत आली नाही की सिस्टिम मान्य धरते. फॉर्मच्या खाली लिहिलंय की."

लिहिलंय. बारीक अक्षरात, पण लिहिलंय. चष्मा लावून वाचलं.

दोन आठवडे साऱ्या ऑफिसला मूर्ख म्हणत फिरलो. सगळ्यात मोठा मूर्ख गळ्यात पट्टा न घालणारा निघाला. अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलं, गप्प राहणं म्हणजे आदेश नव्हे. आणि स्वतः मात्र इथे मोठ्या ऐटीत गप्प बसलो. 'अमान्य'चं बटण दाबायला किती वेळ लागला असता?

पेढा हातातच होता. परत डब्यात ठेवला तर कौ. म्हणाला, "डायबेटिस का सर?"

२० नोव्हें.

समितीप्रमुखांना हातानं पत्र लिहिलं. दोन पानं, त्या दुपारीसकट. प्रत ब्रि.ना दिली. उभ्याउभ्या वाचली त्यांनी. या वेळी हसले नाहीत.

"नोंदवहीत काय आहे?"

"विशेष काही नाही, असं."

"मग?"

"मीच लिहिलंय ते. खोटं लिहिलं, हेही पत्रात आहे."

"म्हणजे एकतर तेव्हा खोटं बोललात, नाहीतर आज. समितीनं यातलं कोणतं धरायचं, सुभेदारसाहेब?"

या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अक्कल सुचली आणि ती माझ्यावरच. त्या सातांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. पत्र रजिस्टरनं टाकलं. पावती पाकिटात आहे.

२१ नोव्हें., शुक्रवार

फोनवर असलं बोलू नये, कळतं मला. तरी पवारला केला. आधी म्हटलं, "मी ते पास केलेलं नाही. पण माझ्या नावावर पास झालंय." मग बारा सेकंदांचं सांगितलं.

"मंजी लाइन गेली की आमी नुसतं बघायचं?"

"हो."

"यंत्रं पुढच्या महिन्यात येत्यात, उस्ताद. बंद करायचं म्हटलं तर माझ्यावर केस. चालू ठेवलं तर... काय करायचं ते तुमी सांगा."

काय सांगू? बंद कर म्हणावं, तर त्याची नोकरी. चालू ठेव म्हणावं, तर मग पत्र कशाला लिहिलं. बराच वेळ गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, फोनही ठेवला नाही. वाऱ्याचा आवाज येत होता. तो आदेशाची वाट बघत होता.