दुनळीच्या दस्त्यावरच्या तीन खाचा

बाबा, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. सौदीतल्या राबिघमधली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली ती राहिलीच. राहिली कसली, मीच दडवली. तुम्ही होतात तोवर तुमच्या भीतीने दडवली, आणि तुम्ही गेल्यावर कशाच्या भीतीने, ते माझं मलाही कळत नाही.

रिफायनरी वाढवायचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. मी कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या अरब मालकाच्या, वर्कशॉपमध्ये दारं-खिडक्या करायचो. कफील तरुणपणी अमेरिकेत शिकून आलेला, आणि येताना एक वेड घेऊन आलेला: जुन्या अमेरिकन शिकारी बंदुकांचं. दर गुरुवारी दुपारी गावाबाहेरच्या त्याच्या इस्तिराहात, म्हणजे शेतघरात, तशीच वेडी पाच-सहा मंडळी जमायची. मी तिथे कपाटं बसवायला गेलो तेव्हा त्यांचा थाट पाहिला होता. काहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, पीत एकच बंदूक हातोहात फिरायची. प्रत्येक जण आधी ती उघडून नळीतून उजेड बघणार, मग दस्ता गालाला लावणार, आणि मग ती बनवणारा कारखाना कधी बंद पडला यावर तासभर वाद. बार काढायचं नाव नाही. आपल्याकडे वाडीत डुक्कर शिरलं की बंदूक आठवते, ह्यांचं सगळंच उलटं. त्यांच्यात एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर असायचा. त्याला तिथे बंदूक ठेवता येत नव्हती, बिचारा नुसता हात फिरवायला यायचा. माझे वडील गावाकडे बंदुकांचे दस्ते दुरुस्त करतात, असं मी फुशारकीने बोलून गेलो. तेच नडलं.

महिन्याभरात कफीलने त्याच्या लाडक्या दुनळीचा दस्ता, नुसतं लाकूड, गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिला. मानेपाशी चीर गेली होती. चीर बुजव, एवढंच म्हणाला. त्या दिवसांत रस्त्यावर जागोजाग चेकपोस्ट होते. परक्या देशातल्या सुताराकडे बंदुकीचा तुकडा सापडला तर कोण ऐकून घेणार, या धास्तीने मी ते लाकूड वर्कशॉपच्या दाराबाहेर काढलंच नाही. चीर अशी बसली की तुम्हीसुद्धा बोट फिरवून बघितलं असतंत. मग गप्प बसावं की नाही? पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. अक्रोडाचं झकास लाकूड, त्यावर काळपट झालेलं रोगण, आणि खालच्या अंगाला कुणीतरी चाकूने मारलेल्या तीन खाचा. माझी रजा कफीलच्या सहीवर अडकली होती, पासपोर्ट त्याच्या कपाटात होता, आणि घरी दहा महिन्यांची पोर होती जिला मी फक्त फोटोत पाहिलं होतं. म्हटलं, खूश करू या ह्याला. पॉलिशपेपर घेतला, रोगण उतरवलं, खाचा भरल्या आणि घासून घासून दस्त्याचा आरसा केला.

मंगळवारी तो म्हातारा अमेरिकन वर्कशॉपमध्ये आला. दस्ता बघितला आणि समोरच्या स्टुलावर बसूनच राहिला. मग मला समजेल अशा सावकाश इंग्रजीत त्याने सांगितलं की ह्या मंडळींना नवी चकाकी नको असते. शंभर वर्षांचं रोगण आणि हातांचा मळ गेला, की त्यांच्या लेखी ती बंदूक गेली. त्या तीन खाचा बंदुकीच्या पहिल्या मालकाने मारलेल्या होत्या, आणि कफीलने ती त्या खाचांसाठीच घेतली होती. गुरुवारी सगळ्यांसमोर मांडणार होता. आणि त्याच क्षणी तुम्ही आठवलात. मी बारा वर्षांचा, आपल्या पडवीत, निवडणुकीला ठाण्यात जमा होऊन ओल धरून परत आलेली पोलीसपाटलांची बंदूक. मी तिच्या दस्त्याला पॉलिशपेपर लावणार, तोच तुम्ही माझं मनगट धरता. "अरे, पन्नास वर्षांचा घाम मुरलाय त्या लाकडात. तो काय तुझ्या बापाचा आहे? त्याच्या बापाचा आहे." त्यानंतर दिवसभर तुम्ही मला हत्याराला हात लावू दिला नाहीत.

ते दोन दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. बाहेर गाडी थांबली की वाटायचं, आले. पोलीस आले, की कफील आला, की नुसताच निरोप आला, आता रजा नाही आणि पासपोर्टही नाही. पोरीचा फोटो मी उशीखालून काढून पेटीत ठेवला, तिच्याकडे बघवेना.

गुरुवारी कफील स्वतः मला गाडीत घालून घेऊन गेला. दस्ता बसवून झाला. बंदूक हातोहात फिरते आहे. कफीलच्या हातात येते, तो अंगठ्याने खालची बाजू चाचपतो, पुन्हा चाचपतो. मग माझ्याकडे बघतो आणि मोडक्या हिंदीत विचारतो, हे तुला कुणी शिकवलं. उत्तर द्यायला एक शब्द अडखळला नाही, बाबा.

"बापाने शिकवलं," मी म्हणालो. "त्याला एवढंच येतं."

कफीलने बंदूक मांडीवर आडवी ठेवली. म्हणाला, बापाने शिकवलं तसं मुलाने केलं, मुलाचा काय दोष, खलास. बंदूक पेटीत गेली आणि पुन्हा त्या बैठकीत मी तरी पाहिली नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या रजेवर सही झाली.

रजेवर निघताना त्या अमेरिकनाने जुन्या लाकडाला लावायच्या तेलाचा एक लहान डबा दिला, माझ्या वडिलांसाठी म्हणून. झाकणाच्या आत इंग्रजीत दोन ओळी लिहून चिकटवल्या होत्या, त्या मी वाटेतच अक्षरं लावून वाचल्या. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात आणि काय लिहिलंय म्हणून विचारलंत. तेलाचं नाव आहे, मी म्हणालो. "त्या माणसाला सांग, वास चांगला आहे," एवढं बोलून तुम्ही तो हत्यारांच्या पेटीत जपून ठेवलात. वापरला कधीच नाहीत, चांगली वस्तू म्हणून. त्यानंतर दर रजेला घरात पाऊल टाकताना मला धास्ती असायची, की मास्तरांकडून नाहीतर पोस्टमनकडून तुम्ही ते इंग्रजी वाचून घेतलं असेल. तुम्हाला शेवटचं बघायला आलो तेव्हासुद्धा आधी पेटीकडे नजर गेली. लाज वाटते सांगायला, पण गेली.

गेल्या महिन्यात तुमच्या नातीने ती पेटी उघडली. तीच ती, दहा महिन्यांची. आता कॉलेजात जाते, इंग्रजी फाडफाड वाचते. डबा उघडून तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं: तुमच्या वडिलांना सांगा, जुनं लाकूड कधी घासू नये, त्यांना माहीत नव्हतं, म्हणून कुणी रागावलेलं नाही.

"आजोबांना एवढंही माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

आता पासपोर्ट माझा माझ्याकडे आहे, कफील नाही, चेकपोस्ट नाही. समोर माझीच पोर. आणि मी म्हणालो, "नव्हतं."

तिला खरं सांगायचं म्हणून आज लिहायला बसलो होतो, आणि लिहिलं तुम्हाला, कारण तुम्ही काही विचारणार नाही. ती आत चहा करते आहे. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून मी डब्याखाली सरकवून पेटीला कुलूप घालतो आहे. मी अजून भितो, बाबा.