पप्पांची कंबर, दोन कोड

३ जून, मंगळवार
आज परत चाळीस पाठी! पाठ दुखणारे लोक अमेरिकेत, आणि विम्यासाठी त्यांच्या फायलींना आजारांचे कोड लावणारी मी इथे सुरतेत. दुखणं जुन्या दुखापतीचं असेल तर दोन कोड – आधी आजचं दुखणं, मग जुनी दुखापत. पण हा संबंध डॉक्टरनेच लिहिलेला हवा. एक आजोबा शिडीवरून पडलेले, आता कंबर दुखते. मी आपलं जोडून टाकलं. आमच्या ऑडिटर रंजनाबेन म्हणाल्या, "तू होतीस का शिडीखाली?"
डबा तसाच परत आणला.

५ जून, गुरुवार
पप्पांना लूमपाशी उभं राहवत नाही. सात वर्षांपूर्वी कारखान्यात लूमचा सुताने भरलेला बीम उचलताना कंबर धरली, ती धरलीच. मॅनेजर धर्मेंद्रभाईंचं म्हणणं – कारखान्यातच लागलं असा डॉक्टरचा कागद आणा, कापड तपासायला खुर्चीवर बसवतो. नाहीतर लूम, नाहीतर घर.
जुना कागद शोधला. त्यावर नुसतं 'कंबरदुखी'. बीमचा पत्ताच नाही!

६ जून
डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आठ वेळा लिहिला, आठ वेळा खोडला. उत्तर कुणाच्या तोंडात घालायचं नाही, हा आमचा नियम. सगळ्यांत 'बीम' येतंच होतं.

७ जून, शनिवार
गोडादऱ्यातले डॉक्टर आपलेच, अमळनेरचे. मी फक्त म्हटलं, दुखणं कशामुळे सुरू झालं ते पप्पांनाच विचारा. किती शहाणी मी!
पप्पा तपासणीच्या टेबलावर उठून बसले. मग म्हणाले, "बीम उचलतांना नही. लगनमा नाचतांना पडनू मी."
डॉक्टरांनी तसंच लिहिलं. सही, शिक्का.
रिक्षात मी रडकुंडीला आले. म्हटलं, आजच खरं बोलायचं होतं? ते म्हणाले, घरात बोलणं वेगळं, कागद वेगळा. लहानपणी मला अक्षरं त्यांनीच शिकवली. पाटीवर खोटं लिहिलं की पुसायला लावायचे.

८ जून, रविवार
आईचा अबोला. सात वर्षं तेल चोळलंय तिनं, बीमच्या नावानं. कागद न्यायलाच नको असंही मनात आलं. लाज वाटली. पप्पांच्या पिशवीत घातला.

९ जून, सोमवार
पप्पा लवकर आले.
धर्मेंद्रभाईंनी कागद दोनदा वाचला म्हणे. मग विचारलं, "कोना लग्नमां, धुडकूभाई?"
पप्पा खाली बघून म्हणाले, "तमारा. नवरदेवाचा वरघोडा दारात आला, मी पडलो तेव्हा तुम्ही माझ्याच खांद्यावर होतात."
उद्यापासून खुर्ची.