हिरमुसलेली मागणी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकतात तेवढ्यांचाच धरावा.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं चालू आहे, की डॉक्टरांनाच फिरवून आणलंस? इकडे सगळे ठीक. हिची आणि माझी बोलचाल मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाली. ती का बंद पडली होती ते पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला पहिल्या वाक्याला अडवतेस, आणि मला सांगायचंय ते एका वाक्यात मावणारं नाही.

तुला ठाऊकच आहे, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. (तू लोकांना "तो बँकेत असतो" असं का सांगतेस, हे मी कधी विचारलं नाही.) यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आली आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. पोरं तिला वकीलबाई म्हणतात, कारण समोरच्याचं अर्धवट वाक्य ती तसंच सोडत नाही. पहिल्याच तासाला मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती काढली आणि नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो, "ही अशी खाली येते, ती तशी वर जाते आणि इथे दोघी भेटतात." मधल्या बाकावरून शांत आवाज आला, "सर, कोण कुणाला भेटलं, आणि कुठे?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की माझं निम्मं अर्थशास्त्र बोटात आहे. तोंडात नुसतं हे, ते, इकडे आणि तिकडे. कसंबसं "मागणीची रेघ डावीकडून उजवीकडे उतरते" इथपर्यंत आलो, तर शेवटच्या बाकावरचा एक जण, जो दोन वर्षं माझ्या तासाला डुलक्या काढतोय, शेजाऱ्याला म्हणाला, "अच्छा, ही मागणी होय." मला ते फार लागलं.

मग मी तिला मदत करायचं ठरवलं. मी मदत करायचं ठरवलं की काय होतं ते तू तुझ्या गिझरच्या वेळी पाहिलं आहेसच. दुसऱ्या दिवशी मी तिचा दंड धरून तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं, सगळ्या वर्गाला "आपल्या या भगिनीला सांभाळून घ्या" असं आवाहन केलं आणि तासभर तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द तोडत, घसा फाटेपर्यंत शिकवलं. शेजारच्या वर्गातून हिंदीच्या बाई बघायला आल्या, कुणाला चक्कर आली का म्हणून. तास संपल्यावर मुलगी स्टाफरूममध्ये आली, पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सर, मला दिसत नाही. ऐकू चांगलं येतं. फक्त तुम्ही ओरडता तेव्हा जरा कमी येतं."

तिला मधला बाक हवा होता, कारण पहिल्या बाकावर पंख्याची घरघर डोक्यावर असते. आवाहन तर मुळीच नको होतं. आता अर्धा वर्ग तिला जिना चढवायला धावतो आणि उरलेला अर्धा तिच्याशी हळू आवाजात बोलतो, जणू घरात कुणी आजारी आहे. तिचं मागणं एवढंच होतं: फळ्यावर लिहाल ते बोलून लिहा, टिपणं आदल्या दिवशी पाठवा, परीक्षेला लेखनिक आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा वेळ द्या. "बाकी काही लागलं तर मी सांगेन, सर. तुम्ही मनानेच ओळखू नका." हे शेवटचं वाक्य तेव्हा मला उद्धट वाटलं. आता वाटतं, ते प्रत्येक स्टाफरूमच्या दारावर लावावं.

टिपणं मी त्याच संध्याकाळी पाठवली. म्हणजे माझ्या जुन्या वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि दिले धाडून. तिच्या फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आहे, पण त्या सोयीला फोटोतलं माझं अक्षर वाचता येत नाही. (मला तरी कुठे येतं.) फोटो आला की फोनमधली ती बाई बिचारी "प्रतिमा" एवढंच म्हणते आणि पुढे सरकते. तर मुलीने रात्री जेवणाच्या वेळी घरी फोन केला. मी हात धुवायला गेलो होतो, म्हणून फोन हिने घेतला. निरोप असा होता: "सरांना सांगा, त्यांच्या सगळ्या पानांत नुसती प्रतिमाच आहे. मला दुसरं काहीतरी पाठवा म्हणावं." आत्या, मी परत आलो तर माझं ताट झाकलेलं होतं. प्रतिमा कोण, हे हिला पटवून देण्यात माझे चार दिवस गेले, आणि शेवटी त्या मुलीलाच घरी बोलावून फोन ऐकवावा लागला. हिला ती एवढी आवडली की माझी सगळी टिपणं आता हीच रात्री टाइप करते, आणि टाइप करताना "याचा अर्थ काय?" असं विचारून मला उघडं पाडते.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सहामाही परीक्षेत मात्र गाडी घसरली. लेखनिक शोधायचं काम कॉलेजने ग्रंथपालांवर ढकललं, त्यांनी आपल्या साडूंना आणून बसवलं. साडू कवी आहेत. ती सांगायची, हे लिहायचे. निदान तसं ठरलं होतं. मी पेपर तपासायला घेतला, तर पहिलंच उत्तर: "किंमत वाढली की मागणी हिरमुसते." पुढे पुरवठा "उचंबळून" आला होता आणि नफ्याला "हुरहूर" लागली होती. मला वाटलं, पोरगी माझी टिंगल करतेय. मी तिला नापास केलं. ती आली, पेपर कुणाकडून तरी वाचून घेतला, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झालेला मी ऐकला. "मी 'घटते' म्हणाले होते, सर. प्रत्येक वेळी 'घटते' म्हणाले." या गुणांवर तिची शिष्यवृत्ती होती.

मी तिला घेऊन परीक्षाप्रमुखांकडे गेलो. त्यांना आम्ही नियमकाका म्हणतो. फेरपरीक्षेचं नाव काढताच ते खुर्चीत मागे रेलले. "लेखनिक दिला, वेळ वाढवून दिला. अजून किती सवलती द्यायच्या? उद्या सगळेच मागतील."

"सवलत नाही, सोय," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा लावून पेपर काढता, ती सवलत का?"

नियमकाकांनी चष्मा काढला, पुसला, आणि बहुधा काही दिसेना म्हणून परत लावला. मी प्रश्नपत्रिका उचलली आणि तिथेच पहिला प्रश्न तिला विचारला. ती बोलत राहिली. दोन्ही रेघा कुठून निघतात, का वळतात, कुठे छेदतात, सगळं. आकृती न काढता इतकी स्वच्छ आकृती मी आजवर पाहिलेली नाही. नियमकाका म्हणाले, "हे मला कॉलेजात असताना कुणी असं सांगितलं नव्हतं." मग सही केली. पुढच्या सोमवारी फेरपरीक्षा.

तर मी शहाणा झालोय, आत्या. माणसाला काय हवं ते त्यालाच विचारावं, परस्पर ठरवू नये, एवढी साधी गोष्ट आहे. हे मी आता सहकाऱ्यांनाही ऐकवतो. ते मला टाळतात.

तब्येत सांभाळ. मोठ्यांना नमस्कार, पोरांना धपाटे.

तुझा,
बँकेतला भाचा

ता. क. नियमकाकांची एक अट आहे. लेखनिक बाहेरचा हवा, त्याला अर्थशास्त्राचं ओ की ठो कळता कामा नये, आणि अक्षर चांगलं हवं. तुझं अक्षर फार सुरेख आहे.

ता. क. २ सोबत त्याच्या आदल्या दिवशीच्या, रविवारच्या गाडीचं तिकीट जोडलंय. खिडकीची जागा आहे. मी तुझं नाव नियमकाकांना गेल्या शुक्रवारीच देऊन टाकलं. तीन तास गप्प बसायचं आहे आणि तिची वाक्यं सुधारायची नाहीत. व्याकरण चुकलं तरी नाही. तुला जड जाईल याची मला कल्पना आहे, तिलाही दिली आहे.

ता. क. ३ तुझ्याबद्दल सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं: "त्यांना विचारलंत ना?" मी हो म्हणालो. तेव्हा तिला भेटलीस की 'याने मला गेल्या आठवड्यातच विचारलं होतं' असं सांग. मात्र तिला खोटं बोलणं आवाजावरून कळतं. गाडीत ते वाक्य जरा म्हणून बघ.