पर्स ठेवलेली खुर्ची

उस्ताददादांना सप्रेम नमस्कार.

तिकडे सगळे ठणठणीत असाल असं धरून चालतो. वहिनींचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे तुमची बहीण बरी आहे, कन्या बरी आहे, आणि मी बरा आहे की नाही ते हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा. तुम्ही पाठवलेला भिंतीएवढा टीव्ही पोचला. आभार मानावेत की भांडावं हे न कळल्याने उत्तराला तीन आठवडे लागले. तुम्हीच मला थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायला शिकवलंत, मग बहीण दिलीत, मग नोकरी सोडून टीव्हीचं दुकान काढलंत आणि माझ्याच पोटावर पाय दिलात. (रागाने लिहीत नाही. एकाच नातेवाइकाने एवढं सगळं केलेलं दुसरीकडे पाहिलं नाही, इतकंच.)

टीव्ही लागला त्या दुपारी मी सोफ्यावर बसलोच नाही. एकोणतीस वर्षं केबिनच्या खिडकीतून उभ्याने सिनेमा पाहिलेला माणूस मी. सवयीने सगळ्यांच्या मागे फ्रिजला टेकून उभा राहिलो. अठरा मिनिटं झाली आणि जीव खालीवर व्हायला लागला. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं (कान पिळून तुम्हीच शिकवलेलं), आणि इथे ठिपका काही येईना. बायको म्हणाली, "अहो, बसा ना, कुठे आग लागलीये?" बसलो. तेवढ्यात नायिकेचा हात कड्यावरून सुटला आणि चित्र थांबलं. आवाज बंद, बाई हवेत! दादा, थिएटरात अर्धं मिनिट असं झालं तर शिट्या, आरडाओरडा, आणि मॅनेजर धापा टाकत वर. दिव्यासमोर फिल्म अडकली तर करपते, म्हणून आधी दिवा बंद करायचा, हेही तुमचंच शिक्षण. मी मागचापुढचा विचार न करता धावलो आणि दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. पडदे लावलेले, त्यामुळे अंधार, पंखे ठप्प, वॉशिंग मशीनमध्ये कपडे साबणासकट अडकलेले. मग कळलं की कन्येला फोन आला होता म्हणून तिनेच रिमोटने सिनेमा थांबवला होता. आपल्या हाताने! मी विचारलं, असं थांबवता येतं? ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांनाच येतं." तेव्हापासून मला स्विचपासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसवतात.

खोटं कशाला बोलू, चित्र फार स्वच्छ आहे. आमच्या पडद्याला डाव्या हाताला ठिगळ आहे. तुमच्या टीव्हीत नटाच्या पापण्या मोजून घ्याव्यात. पुढे उंच माणूस नाही, मध्येच उठून भाजी परतून येता येतं. माणसं घरी बसून पाहतात यात त्यांचं काही चुकतं असं मला आता म्हणवत नाही. पण परवा एक हसण्याची जागा आली, बायको मोठ्याने हसली, आणि कन्या फोनमध्ये, मी ठिपका शोधतोय, हे पाहून अर्ध्यातच गप्प झाली. मला फार वाईट वाटलं. थिएटरात चारशे माणसं हसली की केबिनची काच थरथरायची, आणि त्यातलं तिचं हसणं मला बरोबर ओळखू यायचं. ती नेहमी माझ्या खिडकीखालच्या रांगेत बसायची, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. कोणी विचारलं तर "येताहेत" म्हणायची. मला वर ऐकू यायचं. मी एकदाही गेलो नाही. मशीन सोडून जाणार कसा?

आता बातमी. नवे सिनेमे रिळांवर यायचे कधीच बंद झाले, आम्ही आपली जुनीच रिळं फिरवत होतो. गेल्या आठवड्यात एका खेळाला अकरा माणसं होती, त्यातली दोन पत्ता चुकून आलेली. शेवटी मालकांनी हात टेकले. येत्या रविवारी दुपारी तीनचा खेळ शेवटचा. पुढे तिथे फर्निचरचं गोदाम होणार. घरी बायकोला सांगितलं. भांडी लावून झाल्यावर म्हणाली, "शेवटचा तरी माझ्या शेजारी बसून बघाल?" मी हो म्हणून बसलो, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. ही मशीनं चालवणारा इथे दुसरा कोणी उरलेला नाही.

बाकी ठीक. टीव्ही रोज पुसतो. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा, अजून उभाच असलेला,
मेहुणा

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं तेच राहिलं. रविवारी मशीन चालवायला याल का? एक दिवस दुकानाला कुलूप लावा, तेवढ्याने काही बिघडत नाही. मला अडीच तास खाली बसायचंय.

आणखी एक. हे बहिणीला कळू देऊ नका. अचानक जाऊन बसणार आहे.

दादा, पाकिटावर पत्ता घालायला यांनी पत्र माझ्याच हातात दिलं, मग मी वाचणार नाही तर काय? तू नक्की ये. पण हे खाली बसले तर सारखे उठून वर बघणार आणि तुझं कुठे चुकतंय तेच मला अडीच तास ऐकवणार. तेव्हा ऐनवेळी डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून सांग आणि मशीन यांच्याच हाती दे. माझ्यासाठी केबिनमध्ये फक्त एक स्टूल ठेव. सिनेमे मी पुष्कळ पाहिले. यांना काम करताना कधीच पाहिलं नाही.