एका पायाच्या कावळ्याचे सर

सर, काल वर्गात मुलांना तुमची एका पायाच्या कावळ्याची फिल्म दाखवली. तुमच्या निधनानंतर मीही ती पहिल्यांदाच पाहिली. दिवे लावले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, हे सगळं हातानं? एकेक फ्रेम? सीरियसली?" मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, "डिरेक्टर कोण होते?" तास संपायला दहा मिनिटं होती. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शाळेच्या भिंतीवर कोळशानं बैल काढल्याबद्दल मार खाल्ला, पुण्यात येऊन सिनेमाची पोस्टरं रंगवली, मग मुंबईत कार्टूनच्या खात्यात दुसऱ्यांच्या चित्रांवरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या कामावर लागले आणि बारा वर्षांनी स्वतः फिल्म करायला परत आले, एवढं सांगितलं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. मला मात्र घरी येईपर्यंत वाटत राहिलं, की यात तुम्ही कुठंच आला नाहीत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. बाहेर चित्रं काढायची, आतल्या खोलीत खिडक्यांना काळा कागद लावून कॅमेरा, आणि स्वयंपाकघरात रंग. ओट्यावर गॅसची शेगडी एका कोपऱ्यात सरकवलेली आणि बाकी सगळीकडे रंगांच्या वाट्या. काकू घरून तुमचा डबा घेऊन यायच्या तेव्हा आधी वाटी उचलून वास घ्यायच्या, मगच तिच्यात आमटी वाढायच्या. तुम्ही पहिल्याच दिवशी मला विचारलंत, "कुठून येता?" मी म्हटलं, धायरीहून. "मग बस चुकली हे कारण रोज मिळणार," म्हणालात, आणि त्या दिवसापासून मी धायरीकर झाले. माझं खरं नाव तुम्ही चेकवर सोडून कुठं लिहिल्याचं मला आठवत नाही.

पिण्याच्या पाण्यावरची सरकारी फिल्म चालू होती. रंगाच्या कामातून मला पहिल्यांदाच चित्रं काढायला बसवलंत: एक म्हातारी नळावरून हंडा घेऊन पायऱ्या चढते. मी चार दिवस खपून ती काढली. तुम्ही कागदांचा गठ्ठा अंगठ्यानं भरभर सोडून पाहिलात. "अहो धायरीकर, हंड्यात पाणी आहे की नाही?" आहे, म्हटलं. "म्हातारीला माहीत नाहीये ते." मग मला खालच्या नळावर पाठवलंत. मी हंडा भरून दोन मजले चढतेय, तुम्ही वरच्या पायरीवर मांडी घालून बसलाय, आणि शेजारचे दार उघडून बघतायत. "थांबा. आता मान कुठं गेली? श्वास कधी सोडला? परत खाली जा." तीनदा चढले. मला रडू येत होतं आणि रागही. तिसऱ्या वेळी तुम्ही उठून हंडा माझ्या हातातून घेतलात, स्वतः आत नेऊन ठेवलात आणि म्हणालात, "आता काढा. हात विसरला तरी कंबर विसरणार नाही." ती म्हातारी फिल्ममध्ये आहे. आजही ती पाहताना माझी कंबर दुखते.

कावळ्याची फिल्म मात्र कुणी सांगितलेली नव्हती. ती तुमची होती. सरकारी कामांतून जो वेळ उरायचा त्यात तीन वर्षं ती चालली होती. पारदर्शक शीटवर, ज्याला आम्ही सेल म्हणायचो, पुढून शाईनं रेघ आणि मागून रंग. रंगवलेला प्रत्येक सेल फळीवर सुटा वाळत घालायचा, हा पहिला नियम. कावळा आपलं घरटं आठवतो, त्या प्रसंगाचे तीनशेच्या वर सेल रंगवून झाले होते. शेवटचे सत्तर-ऐंशी ओले होते आणि मला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. फळ्या भरलेल्या होत्या. मी हात लावून पाहिला, वाळल्यासारखे वाटले, वाळलेल्या गठ्ठ्यावरच ते रचले, वर वजन ठेवलं आणि गेले. सकाळी गठ्ठ्याची वीट झाली होती. ओल खालपर्यंत उतरली होती. एक सेल सोडवला की त्याच्याबरोबर दुसऱ्याचा रंग निघून यायचा.

हवा दमट होती, असं सांगता आलं असतं. दोन दिवस आभाळ होतंच. पण तुम्ही चप्पल काढत असतानाच मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही बराच वेळ एकेक सेल उजेडात धरून पाहत राहिलात. मग विचारलंत, "साखरपुडा नीट झाला?" मी मान हलवली. "खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. मला ओरडता आलं असतं." त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाहीत. मुलांच्या चित्रपटांच्या एका मेळाव्यात फिल्म दाखवायची होती आणि हातात पंधरा दिवस होते. नवे सेल आणायला पैसे शिल्लक नव्हते. मी घरी जाऊन आईला सांगितलं, उद्यापासून मला कामाला जायचं नाही. दुसऱ्या दिवशी तरी गेले, कारण माझी छत्री तिथं राहिली होती. तुम्ही मूळची पेन्सिलची चित्रं काढून बसला होतात. "छत्री तिकडं आहे. आणि हे क्रमानं लावून द्या, आकडे पुसट झालेत." तो सगळा प्रसंग तुम्ही नुसत्या पेन्सिलीत शूट केलात. रंगीत फिल्म मध्येच करड्या रेघांची होते, कावळा घरट्यात परत दोन पायांवर उभा राहतो, आणि मग हळूहळू रंग येतो.

मेळाव्यात एका गृहस्थांनी उठून फार सुंदर प्रश्न विचारला. आठवणींना रंग नसतो असं आपल्याला सुचवायचं होतं का? मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले. तुम्ही माइक जवळ घेतलात. "नाही. रंग वाळले नव्हते." लोक हसले, त्यांना तो विनय वाटला. कुणामुळे, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत आणि नंतरही कधी नाही.

मग कॉम्प्युटर आले. कामं कमी झाली, कॅमेऱ्याच्या खोलीत पुन्हा पलंग आला. मला कॉम्प्युटरवर कार्टून करणाऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं तेव्हा मी आठ दिवस ते लपवलं. तुम्हाला कळलंच. "जा की. बैल कसा चालतो हे त्या यंत्राला कुणीतरी सांगायला हवं. मी गेलो तर ते मलाच बंद करून ठेवतील." गेले. त्या नोकरीवर घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, आता हा वर्ग आहे. यातलं काही तुमच्याशिवाय झालं नसतं, आणि हे तुम्हाला समोर म्हणायची माझी हिंमत नव्हती. तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते मला साधारण माहीत आहे.

एक गोष्ट राहिली. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच धूसर दिसायचं. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी पाण्याचा ग्लास हातात दिला, तर तुम्ही म्हणालात, "सिस्टर, तुमचा हात हलका आहे. चित्र काढता का?" मी बोलणार होते, पण तुम्हीच पुढं बोलू लागलात. "माझ्याकडे धायरीची एक मुलगी होती. मला जनावरं जमली, माणसं कधी जमली नाहीत. तिला जमली. माझ्या फिल्ममधली सगळी माणसं तिची आहेत. तिला सांगितलं नाही कधी. काम थांबवून खूश होत बसली असती."

तुमचा तो गैरसमज मी दूर केला नाही, सर. मी नर्ससारखी उशी सारखी केली आणि म्हटलं, "अजून सांगा ना तिच्याबद्दल."