घरून कामाची एक सवलत

प्रिय चिमणे,

चारदा फोन उचलला नि ठेवला. तुझा आवाज ऐकून मी पुन्हा खोटंच बोलले असते, म्हणून लिहितेय.

सगळ्यांनी कार्यालयात हजर व्हावं, असा आदेश निघाला, तो आपल्या दोघींनाही झेपणारा नव्हता. तीन वर्षं घरून नोंदी तपासल्या, एक फाइल रखडली नाही, पण ऐकतंय कोण? शाखेतून एकालाच घरून कामाची सवलत, तीही घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर. तुझ्या घरी भावजी अर्धांगवायूने पडलेले. सवलत तुझीच होती. मी अर्जात धडधाकट सासूबाईंना अंथरुणाला खिळवलं, त्यांची वाचाही घालवली. कारण एवढंच, की दीड तासाची बस आणि साहेबांचं खेकसणं मला नको झालं होतं.

माझं ते खोटं खरं मानून तू म्हणालीस, "ह्यांना निदान हाक तरी मारता येते गं. तुझंच जास्त अवघड आहे." आणि स्वतःचा अर्ज मागे घेतलास. मी तो तुला घेऊ दिला.

पडताळणीला कारकून आला तेव्हा सासूबाई स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या. माझा पांढराफटक चेहरा बघून त्या काय ते समजल्या. आत जाऊन आडव्या झाल्या आणि अशा कण्हल्या, की कारकुनानेच मला धीर दिला. तो गेल्यावर उठून त्यांनी उरलेली पाती पुसली. "सून आहेस म्हणून झाकलं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून स्वतःचा चहा स्वतः करून घेतात.

परवा शिपाईमामांकडून कळलं, तू कामावर असताना भावजी पलंगावरून पडले आणि चार तास तसेच जमिनीवर होते.

आज सकाळी मी साहेबांना सगळं खरं लिहून दिलं. माझी चौकशी होईल, ती व्हायलाच हवी. सवलत तुला द्या म्हटलं, तर म्हणाले, अर्जाची मुदत संपली, आता कुणालाच नाही. म्हणजे माझं खरं बोलणंही तुझ्या कामी आलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता मागितला. सोमवारपासून तू घरी येईपर्यंत त्या भावजींपाशी बसणार आहेत. तुला हे विचारायचं तोंड मला नाही, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. मला कधी दारात उभी केली नाहीस तरी चालेल, त्यांना मात्र आत घे.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
शेजारच्या टेबलावरची